सेकंडहँड रेस व्हीलचा मागचा हब तुटलाय. रिम वाचवता येईल का?

येऊरवासी

नमस्कार मंडळी.

सायकल ग्रुपमधल्या एका ओळखीच्याकडून रेस व्हीलचा जोड घेतला होता. ७०० सी माप, अॅल्युमिनियमची रिम, रिम ब्रेकवाली चाकं. पुढे २० तारा, मागे २४. मागच्या चाकात उजवीकडे दोन-क्रॉस बांधणी (प्रत्येक तार दुसऱ्या दोन तारांना ओलांडते) आहे आणि डावीकडे सरळ, म्हणजे तारा एकमेकींना न ओलांडता हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) थेट रिमकडे जातात. चाकं हलकी, रिम सरळ, ब्रेक घासतो ती पट्टीही अजून सपाट. चालवायला सुख होतं.

परवा येऊरच्या चढावर उभं राहून पेडल मारताना मागून टक्क असा आवाज आला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. तार तुटली असणार म्हणून पाहिलं, तर तार शाबूत. हबच्या डाव्या फ्लँजचा (तारांची भोकं असलेल्या कडेच्या चकतीचा), त्या तारेच्या भोकाबाहेरचा तुकडाच निघून गेलाय आणि तार मोकळी लोंबतेय. शेजारच्या भोकापासून कडेपर्यंतही बारीक रेघ दिसते.

स्टेशनजवळच्या दुकानात दाखवलं. ते म्हणाले, "हबच्या नादाला लागू नका, नवीन चाक घ्या." मला ते पटत नाहीये. रिम चांगली आहे, तारा चांगल्या आहेत, तुटलाय तो फक्त हब. फ्लँज वेल्ड होते का? नसेल होत तर याच रिमवर दुसरा हब बांधता येईल का, आणि मुंबईत असं काम मन लावून कोण करतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

छर्रे_आणि_ग्रीस

बाकीचं नंतर. आधी हे चाक सायकलवरून काढून बाजूला ठेवा. "एक तार कमी असली तरी दुकानापर्यंत जाईल" असं मनात आणू नका. २४ तारांच्या चाकात डावीकडे फक्त १२ असतात. त्यातली एक गेली की शेजारच्या दोघींवर भार येतो, आणि तुमच्याकडे शेजारच्या भोकालाच रेघ आहे.

भोंगा

फोटो टाका. जवळून, उजेडात, आणि फ्लँज पुसून घ्या आधी.

येऊरवासी

टाकलाय. दुसऱ्या फोटोत रेघ स्पष्ट दिसतेय.

पालघरचा_पक्या

आर्गन वेल्डिंग करून घ्या हो. माझ्या स्कूटरच्या इंजिनाचं केसिंग तडकलं होतं, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये आर्गन मारून घेतलं. अजून थेंबभर तेल गळत नाही. अॅल्युमिनियमच आहे ना तेही? तीनचारशे रुपयांत काम होईल, कशाला नवीन हब.

धातुवेडा

पक्याभाऊ, केसिंग आणि हब दोन्ही अॅल्युमिनियमचे असले तरी त्यांचं काम अगदी वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केसिंगने तेल आत धरून ठेवायचं असतं. हबच्या फ्लँजवर प्रत्येक तार सतत ओढ लावून असते. रेस व्हीलमध्ये मागे उजवीकडे एकेका तारेवर १०० ते १२० किलोचा ताण ठेवतात, डावीकडे त्याच्या साधारण निम्मा. हा ताण सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली असतानाही असतो.

आता धातूबद्दल. हब बहुतेक ६०६१ किंवा ७०७५ जातीच्या अॅल्युमिनियमचे असतात. ६०६१ वेल्ड होतं, पण त्याची ताकद उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या आचेने टाक्याच्या आजूबाजूची ती ताकद बरीचशी जाते. पुन्हा सगळा हब भट्टीत घालून ती प्रक्रिया केली तरच परत येते, आणि तोवर बेअरिंग बसायची जागा वाकडी झालेली असते. ७०७५ तर नेहमीच्या आर्क वेल्डिंगला दादच देत नाही, थंड होतानाच टाका तडकतो. तुमचा हब यातल्या कुठल्या जातीचा हे बघून सांगता येत नाही. वेल्डिंगचा विचार सोडून द्या.

पालघरचा_पक्या

पटलं. माझा सल्ला मागे.

रात्रपाळी

एक शंका. धातुवेडा म्हणतात डावीकडे ताण निम्मा. मग तुटायला हवी होती उजवी बाजू. डावीच का गेली?

छर्रे_आणि_ग्रीस

प्रश्न नेमका आहे. याची उत्तरं दोन.

पहिलं म्हणजे बांधणी. क्रॉस बांधणीत तार हबला जवळपास स्पर्शरेषेत ओढते, त्यामुळे भोकामागे ओढीच्या दिशेने भरपूर धातू असतो. सरळ बांधणीत ती थेट बाहेरच्या दिशेने ओढते आणि तिथे भोकापासून कडेपर्यंत जेमतेम दोनतीन मिलिमीटर धातू असतो. म्हणूनच काही हब बनवणारे सरळ बांधणी केल्यास वॉरंटी नाकारतात. ज्या हबची फ्लँज त्यासाठी मुद्दाम जाड केलेली असते त्यांची गोष्ट वेगळी.

दुसरं, ताण कमी असणं हे नेहमी चांगलं नसतं. आपण सायकलवर बसतो तेव्हा हब खालच्या तारांवर उभा राहत नाही. बारीक तारा दाब घेऊच शकत नाहीत. जमिनीजवळच्या तारांचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो आणि चाक वर फिरलं की परत येतो. दर फेरीला असं होतं. डावीकडे मुळातच ताण कमी, त्यात वजनदार स्वार किंवा खड्डा, की खालची तार पार ढिली पडते आणि परत झटक्याने ताणली जाते. लाखो फेऱ्या असं चाललं की धातू थकतो.

सोपारकर

तिसरं कारण समुद्र. मी वरळी सी फेसला राहतो. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर खारं पाणी उडतं ते सायकल नुसती गॅलरीत ठेवली तरी बसतं. अॅल्युमिनियमला गंज लोखंडासारखा दिसत नाही, पांढरे ठिपके आणि बारीक खड्डे पडतात, आणि भेग तिथूनच सुरू होते. त्यात तार स्टीलची, हब अॅल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे अॅल्युमिनियम खाल्लं जाणार. मरीन ड्राइव्ह किंवा सी फेसवर चालवून आलात की साध्या पाण्याचा मग ओतून फडक्याने पुसा. प्रेशरचा पाइप मात्र हबवर मारू नका. बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं आणि ग्रीस धुऊन नेतं.

भोंगा

सोपारकर वरळीत राहतात हे आज कळलं. :)

सोपारकर

आडनाव गावाचं, भाडं वरळीचं. चालू द्या.

गिरगावचा_नाना

हा धागा वाचून राहवलं नाही. सत्तरच्या दशकात मी मुंबई-पुणे शर्यतीत उतरायचो. जिंकलो कधीच नाही, घाटाचा राजा होणारी पोरं वेगळीच असायची, पण बोरघाट चढून शर्यत पुरी करायचो. तेव्हा चाकाला ३६ तारा, तीन-क्रॉस. ट्युब्युलर टायर रिमला चिकटवायचे आणि पंक्चर झालं की शिवण उसवून काढायचं. हबमध्ये कप, कोन आणि सुटे छर्रे. मागे पाव इंचाचे, एका बाजूला नऊ. पुढे तीन-सोळांश इंचाचे, एका बाजूला दहा. शर्यतीच्या आदल्या रात्री सगळं उघडायचं, रॉकेलमध्ये धुवायचं, नवं ग्रीस भरून कोन असा आवळायचा की एक्सल हलता कामा नये आणि अडकताही कामा नये. त्या कामात एक वेगळं समाधान होतं.

हब आमचेही तुटायचे, पण फ्लँज नाही, एक्सल तुटायचा. तेव्हा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दाते-चक्रांचा जुडगा, हबवर आट्यांनी बसायचं. उजवीकडचं बेअरिंग राहायचं फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला आणि एक्सलचा लांब तुकडा बाहेर आधाराशिवाय. पाच दाते-चक्रांपर्यंत चालून जायचं. पुढे सहा-सात झाली, तुकडा आणखी लांबला, की खड्ड्यात एक्सल वाकायचा नाहीतर तुटायचा. शिमानो कंपनीने १९७८ मध्ये कॅसेटचा (दाते-चक्रांच्या संचाचा) फ्रीहब बाजारात आणला आणि उजवं बेअरिंग बाहेर सरकवलं, तेव्हा कुठे हे दुखणं गेलं.

येऊरवासी, तुम्ही रिम वाचवायची म्हणताय हे ऐकून फार बरं वाटलं. चाक म्हणजे रिम, तारा आणि हब. एक गेलं म्हणून तिन्ही टाकायचं कारण नाही. मात्र माझं स्पष्ट मत असं, की आपल्या रस्त्यांवर २४ तारांची चाकं वापरूच नयेत.

ब्रेव्हेवाली

नाना, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून, शेवटच्या वाक्याशी असहमत. माझं वजन ५४ किलो. ब्रेव्हेच्या (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या) राइड्स २४ तारांच्या मागच्या चाकावर करते. पावसातही, घोडबंदर रोडवरही. चाक नीट बांधलेलं असेल आणि स्वार खड्ड्याच्या आधी जरा उठत असेल तर २४ पुरतात. मात्र एक तार तुटली तर ३२ चं चाक थोडं हलतं आणि तुम्ही घरी जाता, २४ चं ब्रेकला अडकतं आणि तुम्ही फुटपाथवर बसता. हा हिशेब ज्याने त्याने करावा.

मला हबने दगा दिला तो वेगळ्या जागी. २०० किलोमीटरची राइड होती, वेळ साडेतेरा तास. कसारा घाटाच्या अलीकडे अंधार असतानाच पेडल अचानक मोकळं फिरायला लागलं. साखळी फिरतेय, कॅसेट फिरतेय, चाक जागेवर. फ्रीहबमध्ये बारीक कुत्री असतात ना, जी स्प्रिंगने बाहेर येऊन दात्यांत अडकतात, ती आतच चिकटून बसली होती. कोणीतरी सर्व्हिसिंग करताना तिथे बेअरिंगचं जाड ग्रीस कोंबलं होतं. तिथे पातळ तेल किंवा फ्रीहबचं खास पातळ ग्रीसच लागतं.

सोबतच्या दादांनी प्लॅस्टिकच्या केबल टायने कॅसेटचं सगळ्यात मोठं चक्र तारांना चार-पाच ठिकाणी बांधलं. मग चाक फिरेल तसं पेडल फिरणार, पाय थांबवायची सोय नाही. सपाटीवर हळूहळू पुढच्या गावापर्यंत आले आणि तिथून टेम्पो केला. उतारावर हा प्रयोग चुकूनही करू नका, पाय थांबला की साखळी गिअर बदलणाऱ्या डिरेलरला ओढून घेते. पण अडल्या वेळी केबल टाय उपयोगी पडतात, पिशवीत ठेवाच.

रात्रपाळी

केबल टायची आयडिया भारी! आजच घेऊन ठेवतो.

गिरगावचा_नाना

५४ किलोला २४ तारा मान्य, ताई. आमच्यासारख्या ८५ किलोवाल्यांना नाही, एवढी दुरुस्ती करतो. आणि वेळ संपत असताना उतारावर न जाता टेम्पो केलात, हे शहाणपण शर्यतीत फार कमी जणांकडे पाहिलं.

कर्जत_लोकल

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण चाक दुरुस्तीला नेताना लोकलने कसं नेता सगळे? मी एकदा पूर्ण चाक कॅसेटसकट घेऊन सेकंड क्लासमध्ये चढलो. शेजारच्या आजोबांचा पांढरा सदरा आणि माझ्या कॅसेटवरचं काळं वंगण यांची गाठ पडायला दादर यावं लागलं नाही, कुर्ल्यालाच पडली. आजोबा चिडले नाहीत, उलट चाक स्वतःच्या मांडीवर धरून माटुंग्यापर्यंत सायकलींच्या गप्पा मारत बसले.

ब्रेव्हेवाली

कॅसेट काढून वेगळी गुंडाळा. चाकाला जुन्या चादरीची पिशवी शिवून घ्या. गर्दीची वेळ टाळा किंवा मालडब्यात जा.

वसईचा_वारा

माझा मुद्दा दुसरा आहे आणि तो कोणी बोलत नाहीये. विकणाऱ्याने हे सांगायला नको होतं का? ती रेघ एका दिवसात पडलेली नसणार. ओळखीतल्या माणसाकडून घेतलं म्हणजे विश्वासाने घेतलं. येऊरवासींनी त्याला फोन करून निम्मे पैसे तरी परत मागावेत.

भोंगा

सेकंडहँड म्हणजे जसं आहे तसं. पाहून घेतलं, विषय संपला. हब विकून कित्येक महिने झाल्यावर पैसे कसले मागायचे?

वसईचा_वारा

भोंगा, "जसं आहे तसं" हे अनोळखी माणसाच्या जाहिरातीला ठीक. ग्रुपमध्ये आपण एकमेकांच्या मागे चाकाला चाक लावून ताशी पस्तीसने जातो. माझ्या पुढच्या माणसाचं चाक निखळलं तर मी पडणार. मग त्या चाकाबद्दल खरं सांगणं हा व्यवहाराचाच भाग आहे.

छर्रे_आणि_ग्रीस

वसईचा_वारा, भावना रास्त आहे, पण फोटो नीट पाहिला तर तुटलेली कड चकचकीत राखाडी दिसते. रेघ जुनी असती तर आतली बाजू काळपट, मळकी झाली असती, कारण भेगेत घाण आणि ओल शिरते. येऊरवासी, दुसऱ्या भोकाची रेघही टॉर्च तिरपी धरून बघा. ती आतून काळी असेल तर ती आधीपासून असण्याची शक्यता आहे. त्यावरून ठरवा फोन करायचा की नाही.

येऊरवासी

पाहिलं. तुटलेली कड पूर्ण चकचकीत आहे, एका कोपऱ्यात नखाएवढा भागही काळा नाही. रेघसुद्धा स्वच्छ आहे. विकणाऱ्याला फोन केला, पैशांसाठी नाही, माहिती म्हणून. त्याच्याकडे त्याच बनावटीचा आणखी एक जोड आहे. तो लगेच टॉर्च घेऊन बसला. त्याच्या हबला काही नाही. त्याने आपणहून तारांचा खर्च देऊ केला, मी नको म्हटलं.

वसईचा_वारा

मग माझी काही तक्रार नाही. चांगला माणूस आहे.

सोपारकर

सेकंडहँड चाकं घेताना काय बघावं हे कोणीतरी एकदा नीट लिहा. दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं.

ब्रेव्हेवाली

मी बघते ते सांगते. जाताना एक जुना टूथब्रश, टॉर्च आणि फडकं नेते. प्रत्येक भोकाभोवतीचा मळ ब्रशने काढून फ्लँज पाहते, मग रिमवर जिथे निपल (तारेच्या टोकाचे नट) बसतात तिथेही भेगा शोधते. एक्सल धरून चाक आडवं हलवते, खटखट लागली तर बेअरिंग गेलंय किंवा कोन सैल आहे. नंतर एक्सल बोटांत फिरवते, रेती घातल्यासारखी खरखर लागता कामा नये. ब्रेकच्या पट्टीवर स्टीलची पट्टी उभी धरते. मध्ये फट दिसली तर रिम झिजलेली, मग किंमत काहीही असो, घेत नाही. बेअरिंग खराब असणं त्यामानाने क्षुल्लक आहे.

लेथमास्टर

बेअरिंगवरून सांगतो. कार्ट्रिज बेअरिंगच्या रबरी सीलवरच नंबर छापलेला असतो. रेसच्या हबमध्ये ६९०२ बऱ्याचदा सापडतं, म्हणजे आत १५, बाहेर २८, रुंदी ७ मिलिमीटर. पुढे २आरएस लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूंनी रबरी सील. हा नंबर घेऊन मस्जिद किंवा सीएसएमटीला उतरा आणि नागदेवीत जा. सायकलचं बेअरिंग मागू नका, फक्त नंबर सांगा. तीच बेअरिंग यंत्रांमध्येही लागतात. रविवारी जाऊ नका, बंद असतं.

बसवताना हातोडी मारायची नाही. हबमध्ये बसवताना दाब बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर द्यायचा, आतल्या कड्यावर दिला तर छर्रे आपल्या खोबणीत खड्डे पाडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि योग्य मापाचं जुनं बेअरिंग, एवढ्यात घरगुती प्रेस तयार होतो.

येऊरवासी

सगळ्यांचे आभार. वेल्डिंग नाही हे ठरलं. आता हब बदलायचा म्हटला तर नक्की काय काय मोजू? दुकानात ३६ आणि ३२ भोकांचे हब सहज दिसतात, २४ चा कुठेच नाही.

छर्रे_आणि_ग्रीस

हबची रुंदी फ्रेमला बसली पाहिजे. तुमची रिम ब्रेकची रेस सायकल, म्हणजे मागे १३० मिमी. १३५ चा हब फ्रेम फाकवून घालू नका, कार्बन फ्रेममध्ये तर मुळीच नाही. डिस्कवाल्या नव्या सायकलींचा १४२ चा हब तर उपयोगाचाच नाही, त्याचा एक्सलच वेगळा.

भोकं २४ च. रिमला २४ असतील तर ३२ चा हब बांधायचा खटाटोप नको.

तुमची कॅसेट किती गिअरची? अकरासाठीच्या फ्रीहबवर दहाची कॅसेट बसते, फक्त मागे १.८५ मिमीची रिंग घालावी लागते. दहाच्या फ्रीहबवर अकराची साधारणपणे बसत नाही. शिमानो आणि कॅम्पाग्नोलोच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत हेही बघा.

मग फ्लँजवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास मोजा, म्हणजे समोरासमोरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. हबच्या मध्यापासून प्रत्येक फ्लँज किती दूर तेही. आणि रिमचा आतला व्यास, निपल बसतो तिथपासून तिथपर्यंत. या तीन मापांवर तारांची लांबी ठरते. अंदाजे घेऊ नका, दोन मिलिमीटर चुकलं तर तार निपलला पुरत नाही किंवा ट्यूबच्या बाजूला बाहेर येते.

डावी बाजू पुन्हा सरळ बांधू नका. दोन-क्रॉस करा.

सायन_सर्कल

धागा शांतपणे वाचत होतो. माझ्या गॅरेजमध्ये एक मागचं चाक पडून आहे. पूर्व द्रुतगती महामार्गावर खड्ड्यात रिम पार बसली, इतकी की सरळ होणं शक्य नाही. हब मात्र उत्तम, २४ भोकं, १३० मिमी, अकराचा फ्रीहब. बेअरिंग मागच्या पावसाळ्यानंतर बदललीत. नेहमीच्या वाकड्या डोक्याच्या तारांचा हब आहे, सरळ डोक्याच्या तारांचा नाही. टाकून देववत नव्हता म्हणून ठेवला. येऊरवासी, हवा असेल तर घेऊन जा.

येऊरवासी

दादा, काय बोलू! नक्की हवाय. किंमत सांगा.

सायन_सर्कल

किंमत व्यनित (खाजगी निरोपात) बोलू. आधी मापं घ्या, बसतोय की नाही ते बघा. आणि हो, माझ्या चाकात तारा ज्या दिशेने होत्या त्याच दिशेने नव्या तारा घाला. फ्लँजवर तारांनी खोबणी पाडलेल्या आहेत. उलट दिशेने घातल्या तर जुन्या खोबणीला आडवी नवी खोबण पडते, आणि भेग सुरू व्हायला तेवढं पुरतं.

धातुवेडा

शेवटचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. जुना हब पुन्हा बांधताना हे हमखास विसरलं जातं.

येऊरवासी

अपडेट देतो.

हब आणला. ब्रेव्हेवालींनी सांगितलं तसं टूथब्रशने घासून, टॉर्चने प्रत्येक भोक पाहिलं. स्वच्छ आहे. उजव्या फ्लँजचा व्यास माझ्या जुन्या हबपेक्षा दोन मिलिमीटर मोठा निघाला. दोन-क्रॉसला त्याने तारेच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक पडतो, त्यामुळे उजवीकडच्या बाराही तारा चालून गेल्या. डावीकडे सगळ्या नव्या घ्याव्या लागल्या, कारण सरळ बांधणीत त्या २७५ मिमी होत्या आणि दोन-क्रॉसला २८७ निघाल्या. निपल सगळे नवे, पितळी. अॅल्युमिनियमचे हलके असतात, पण सोपारकरांचं समुद्राबद्दलचं वाचल्यावर ती बचत नको वाटली.

चाक बांधलं परळच्या एका काकांनी. नाव इथे लिहीत नाही, त्यांना गर्दी आवडत नाही, हवं त्याला व्यनि करतो. त्यांचं काम बघायला मी समोर बसून होतो. तारा भरून झाल्यावर पाव-पाव फेरा आवळत गेले. अधूनमधून तारेला नखाने छेडायचे आणि कान देऊन ऐकायचे, तबलजी गठ्ठे ठोकून सूर लावतो तसंच. उजवीकडच्या बारा तारांचा आवाज एक आला पाहिजे, डावीकडच्यांचा एक, तो थोडा खालचा. नंतर मीटर लावला तर एकाच बाजूच्या तारांमधला फरक अगदी किरकोळ. ताण पुरा झाल्यावर शेजारच्या समांतर तारा जोडीजोडीने मुठीत धरून जोरात दाबल्या. तारा हबमध्ये आणि निपलमध्ये पक्क्या बसतात त्याने. काही कर्रकर्र वाजल्या. मग पुन्हा आउट (चाकाचा वाकडेपणा) काढला.

येऊर चढून आलोय, उभं राहूनही. एक आवाज नाही.

गिरगावचा_नाना

वा! फार छान. एका आठवड्यानंतर पुन्हा एकदा काकांना दाखवा, नवं चाक थोडं बसतं.

सायन_सर्कल

हब पुन्हा रस्त्यावर आला याचा आनंद पैशांपेक्षा जास्त आहे.

पालघरचा_पक्या

मुंबईत पितळी निपल सुटे मिळाले का? आमच्याकडे शंभरचा डबाच घ्या म्हणतात.

येऊरवासी

काकांकडे सुटे होते.

रात्रपाळी

एक विचारायचं राहिलं. पुढचं चाकही त्याच जोडातलं ना? त्याच्या दोन्ही बाजू सरळ बांधणीच्या असणार. तोच हब बनवणारा, तीच फ्लँज. ते अजून सायकलवरच आहे का?

छर्रे_आणि_ग्रीस

हे मीच आधी विचारायला हवं होतं. मागचं चाक गेलं तर सायकल हलते आणि थांबते. पुढचं गेलं तर माणूस हँडलवरून जातो. येऊरवासी, आज रात्रीच बघा.

भोंगा

पुढच्या चाकाला सरळ बांधणी सर्रास असते, इतकं घाबरायचं कारण नाही. पुढे पेडलचा जोर येत नाही आणि दोन्हीकडे ताण सारखा असतो.

धातुवेडा

भोंगा, सर्रास असते हे खरं, आणि पुढच्या हबवर भार कमी हेही खरं. पण याच जोडातली एक फ्लँज फाटलेली आपण पाहिली आहे. जे पुढचं चाक किती चाललंय, किती खाऱ्या वाऱ्यात राहिलंय हे कोणाला माहीत नाही, त्यावर मी घाट उतरणार नाही.

येऊरवासी

टायर, ट्यूब काढून, प्रत्येक भोक घासून पाहिलं. भेग नाही. एका भोकाच्या बाहेरच्या कडेला मात्र पांढरे ठिपके आहेत, सोपारकर म्हणतात तसे. घरच्यांना दाखवल्यावर चर्चा संपली. पुढे जुनं ३२ तारांचं चाक लावलंय आणि तूर्त तेच चालवतोय.

तर आता पुढचा प्रश्न. २० भोकांचा पुढचा हब, १०० मिमी, वाकड्या डोक्याच्या तारांचा आणि एक-क्रॉस किंवा दोन-क्रॉस बांधता येईल असा, कोणाच्या गॅरेजमध्ये आहे का? ठाणे ते दादर कुठेही येऊन घेईन.

कर्जत_लोकल

माझ्याकडे आहे, पण १८ भोकांचा. नेरळच्या एका मित्राकडे २० चा असावा, रविवारी विचारून सांगतो.